स्पीडचा काटा आणि बाबांचा गुरुवार

आमच्या गाडीच्या स्पीडचा काटा पहिल्यांदा शून्यावर पडला तेव्हा गाडी बाबांच्या हातात होती. खटला तिथेच निकाली निघाला.

मी मेहकरला शाळेत विज्ञान शिकवतो. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नका, असं दहावीच्या वर्गाला दरवर्षी बजावतो. घरी हा नियम लागू नाही. बाबांनी तीस वर्षं नांदुऱ्याच्या व्यापाऱ्यांचा कापूस ट्रकने वाहिला. म्हातारपणी त्यांची एकच चैन उरली होती. दर गुरुवारी माझी सेकंडहँड गाडी घेऊन जानेफळला आत्याकडे जायचं, तिच्या हातची भाकर खायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं.

त्या गुरुवारी ते परतले आणि ओट्यावर बसत म्हणाले, “काटा शून्यावर पडून राह्यला रे. अन् ब्रेकरवर गाडी हळू केली का बंदच पडते.”

“कुठं आदळली का?” मी विचारलं.

“नाही बा.”

“मग क्लच कसा सोडता तुम्ही? हा ट्रक नाही, बाबा. आजकालच्या गाड्या नाजूक असतात.”

बाबांनी चावी ओट्यावर ठेवली. मी तो कबुलीजबाब धरला आणि चावी माझ्या खिशात टाकली. “राहू द्या आता, वय झालं,” असं मी फार समजूतदारपणे म्हणालो. माणूस अन्याय करतो तेव्हा बहुधा समजूतदारपणेच बोलतो.

मग मी गाडी बुलडाण्याच्या एका चकाचक गॅरेजात नेली. तिथल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलंच नाही, लॅपटॉप उघडला. “सर, मशीन म्हणते स्पीड सेन्सर.” हा सेन्सर गिअरबॉक्सवर बसलेला असतो. चाक किती फिरलं याची खबर तो एका वायरीतून मीटरला आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला देतो. खबर थांबली की काटा पडतो, कॉम्प्युटर गोंधळतो आणि गाडी हळू करताना इंजिन मान टाकतं. मशीन म्हणाली म्हणजे झालं. नवा सेन्सर बसला. चिखलीपर्यंत काटा ताठ उभा होता, चिखलीच्या पुढच्या पहिल्याच खड्ड्यात पडला.

मी फोन केला. मेकॅनिकने विचारलं, “सर, गाडी अजून कोण चालवते?” मी म्हणालो, वडील. “मंग बरोबर हाये,” तो म्हणाला. दोन विद्वानांचं एकमत झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

पुढचे तीन गुरुवार बाबा सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे आणि दुपारी शर्ट बदलायचे. मी म्हणायचो, रविवारी नेतो. रविवारी काही ना काही निघायचंच.

शेवटी मेहकरच्या चौकातच गाडीने दम तोडला. माझ्याच वर्गातल्या मुलींनी ती ढकलत गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका म्हाताऱ्या वायरमनच्या टपरीपर्यंत नेली. त्याच्याकडे लॅपटॉप नव्हता. रबरबँडने बांधलेला, करंट मोजायचा एक मीटर होता.

“सर, काटा पडाच्या आंधी गाडीत नवं काय बसवलं?”

“काहीच नाही,” मी ठासून सांगितलं.

त्याने डॅशबोर्डवरच्या दहा इंची स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “हे गाडीसंगच आलं होतं का?”

“ते गाण्यांसाठी आहे,” मी म्हणालो.

तो हसला नाही. त्याने पुढचं एक चाक जॅकवर उचललं, चावी चालू केली आणि मला चाक हाताने फिरवायला लावलं. गिअरबॉक्सजवळ सेन्सरच्या तिन्ही वायरी तपासल्या. करंट येत होता, अर्थिंग ठीक होतं, आणि चाक फिरेल तसा तिसऱ्या वायरीवर मीटरचा आकडा खाली-वर होत होता. “सेन्सर जिता हाये. जुनाही जिताच असन.” मग त्याने डॅशबोर्डमधल्या स्पीडच्या काट्यामागे तीच वायर तपासली. मी घाम गाळत चाक फिरवत होतो, पण तिथे आकडा हलेना. “तिथून निघते अन् इथं पोचत नाही. म्हंजे मधातच कुठं तरी अडकून राह्यली.”

त्याने स्क्रीन उपसून काढली. तिच्या मागे त्या वायरीचं साल ब्लेडने सोललेलं होतं आणि दुसरी एक वायर तिला पिळून वर टेप गुंडाळलेली होती. सोलताना आतल्या तारा कापल्या गेल्या होत्या. उरलेली एकच तार धक्का बसला की सुटायची, पुन्हा चिकटायची. स्क्रीन बसवणाऱ्याने मला विचारलं होतं, गाडी पळाली की गाण्याचा आवाज आपोआप वाढवायचा का? मी आनंदाने हो म्हणालो होतो, आणि त्यासाठी स्पीडची खबर त्याने याच वायरीतून चोरली होती. तो बुधवार होता. काटा पडला गुरुवारी.

वायरमनने वायर सांधून दिली. दहा मिनिटांचं काम. त्याच आठवड्यात मी वर्गात विद्युत परिपथ शिकवला होता, फळ्यावर सुबक आकृती काढून.

घरी येईपर्यंत मी दोन-तीन खोटी कारणं जुळवली. वायर जुनीच होती, उंदीर लागला होता. पण ओट्यावर बाबांना पाहिलं आणि एकही तोंडातून निघेना. “बाबा, चूक माझी होती. तुमच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं.”

“खरंच?” बाबा म्हणाले. मग स्वतःच्या पायाकडे पाहत बोलले, “मले वाटलं, पाय जड झाला असन क्लचवर. तू सायन्सचा मास्तर. उगाच थोडी म्हणशीन?”

मला लाज वाटली. त्यांनी माझ्याशी भांडायला हवं होतं. ते माझ्यावर विश्वास ठेवून बसले होते.

गुरुवारी त्यांनीच गाडी काढली. “तूही चाल संग,” म्हणाले. भरला ट्रक एका हाताने वळवणारा माणूस दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून जानेफळच्या रस्त्याला लागला. काटा चाळीसवर स्थिर होता, गाडी कुठेही बंद पडली नाही. तरी दर गिअरला ते माझ्याकडे वळून विचारत, “बरोबर टाकला ना?” मी दर वेळी “हो बाबा” म्हणायचो, आणि पुढच्या गिअरला ते पुन्हा विचारायचे.