तुरटीचे दोन फेरे

करुणाताईंना स्वच्छतेचं वेडच. संभाजीनगरात नळाला पाणी येणार कधीतरी आठवड्यानं, तेही गढूळ. मग घरातल्या प्रत्येक पिंपात त्या तुरटी फिरवणार म्हणजे फिरवणार. अशा बाईच्या फ्रिजमध्ये लेकीनं नाल्याच्या पाण्याची बाटली आणून ठेवावी? पण सांगता कुणाला, वेळच तशी आली होती.

नवऱ्याच्या, अनंतरावांच्या पायाची जखम रक्तातल्या साखरेनं चिघळली होती, आणि तिच्यातले जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नव्हते. लेक मनस्विनी प्रयोगशाळेत कामाला होती. "जंतूंना मारणारे विषाणू असतात आई, आणि ते सांडपाण्यातच सापडतात," ती म्हणाली. "बाबांच्या जंतूंचा वैरी मिळाला, तर डॉक्टर थांबायला तयार आहेत. नाहीतर शुक्रवारी पाय काढायचा."

वैरी मिळाला की प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या जंतूंच्या थराला भोकं पडतात, एवढं करुणाताईंना उमगलं होतं. बुधवारी मनस्विनी घरी आली ती तोंड पाडूनच.

"एकही भोक नाही. नाल्याचं पाणी इतकं नितळ कसं, तेच कळत नाही."

ह्यांच्या पायासाठी आहे, मग असलं घाणेरडं कसं वापरायचं, म्हणून फ्रिजमधल्या त्या बाटलीत तुरटीचे दोन फेरे करुणाताईंनीच दिले होते. सांगावं की गिळून टाकावं? आतल्या खोलीत अनंतराव कण्हत होते. करुणाताईंनी सांगून टाकलं.

"तुझ्या सोवळ्यापायी बाबांचा पाय जाणार," मनस्विनी म्हणाली. मग तिनं हळू आवाजात विचारलं, "तुरटीनं घाण जाते कुठं?"

"जाणार कुठं? तळाला बसते."

"मग विषाणूही तळालाच बसले असतील. मी मूर्ख, वरचंच पाणी घेतलं. बाटली अजून प्रयोगशाळेतच आहे." आणि चहाही न घेता ती परत गेली.

गुरुवार सरता सरेना. करुणाताई देव पाण्यात घालून बसल्या होत्या. दुपार कलली तेव्हा फोन आला.

"आई, भोकं पडलीत. नुसती चाळण झालीय. आता तो विषाणू वेगळा काढून नीट तपासायचा, बाबांना चालेल का ते नंतर ठरेल. पण डॉक्टर थांबतायत."

करुणाताई मनसोक्त रडल्या.

संध्याकाळी नळ आला. जुनं पिंप रिकामं करून त्यांनी मोरीवर कलतं केलं. तळाशी बोटभर गाळ होता. आजवर कितीदा त्यांनी तो नाक मुरडून ओतला असेल. आज त्यांचा हात धजेना.