ग्राफ पेपरवरच्या चिठ्ठ्या

माझ्या दादाला प्रश्न विचारायची भारी हौस, आणि नशिबानं त्याला धंदाही तसाच मिळाला. तो चष्मेवाला. आतली डोळे तपासायची खोली त्याची, बाहेरचं फ्रेमांचं काउंटर माझं. दिवसभर आतून एकच वाक्य ऐकू येतं, "हे बरं की हे?" मग काच बदलल्याचा खट् आवाज, आणि परत, "आता? हे बरं की हे?" पंधरा वर्षं ऐकून ऐकून माझ्या डोक्याचा भुगा झालाय.

त्याची एक खोड आहे. मधेच तो काच काढल्यासारखं करतो आणि तीच काच परत घालतो. समोरचा "हो हो, हे जास्त बरं" म्हणाला, की दादा समजतो, हा मला खूश करायला बघतोय. "लोक खोटं बोलत नाहीत गं," तो म्हणतो, "त्यांना फक्त लवकर सुटायचं असतं." मग तो पहिल्यापासून सगळं परत विचारतो आणि बाहेर गिऱ्हाइकं माझ्यावर डाफरतात.

दुसरं त्याचं कौतुक म्हणजे पहिला चष्मा लागलेली मुलं. चष्मा चढवून दादा त्यांना दुकानाच्या दारात उभं करतो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे, चिमटे, कपड्यांवरच्या रेघा. मूल बघत राहतं, आणि मग जवळजवळ प्रत्येक मूल तेच म्हणतं, "मला वाटलं सगळ्यांना असंच दिसतं." म्हणजे चष्म्याआधी दिसायचं तसं. दादाचं उत्तरही ठरलेलं, "वाटणारच. दुसऱ्याच्या डोळ्यांनी कोण बघून आलंय?" हा किस्सा आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं निदान दोनदा ऐकलाय.

त्या वर्षी घरात विषय होता दादाच्या मुलीचा. तिची शाळा सातवीपर्यंतच होती, आठवीला दुसरीकडे घालायचं होतं. तिला आम्ही घुमी म्हणायचो. हाक मारली तर ओ देत नाही, चार माणसांत बसली तर तोंड उघडत नाही, पुस्तकात डोकं घातलं की संपलं. प्रगतिपुस्तकावर तीन वर्षं ओळीनं एकच शेरा होता, वर्गात लक्ष नसते. गुणही दर वर्षी एकेक पायरी उतरत चालले होते. वहिनी रागवायची, मी टोमणे मारायचे, दादा गप्प बसायचा. आतून मात्र तो घाबरला होता, ही पोर अशीच मागच्या बाकावर बसून वाया जाईल म्हणून. डोळे तर तो तिचे दर सहा महिन्यांनी तपासायचा. नजर एकदम स्वच्छ. फक्त दिवा घालवून अंधार केला की ती काहीच्या बाही उत्तरं द्यायची. दिवा लावून समोर बसून विचारलं की सगळं बरोबर. "लक्षच नसतं हिचं," दादा म्हणायचा.

वहिनी पोस्टात काउंटरवर. तिच्या सगळ्या मैत्रिणींची मुलं टेकडीवरच्या खासगी शाळेत, त्यामुळे तिचं आधीच ठरलं होतं. "तिथे शिस्त आहे. हिला शिस्तच हवी." आठवीत तिथे मोजक्या जागा होत्या आणि शनिवारपर्यंत फॉर्म द्यायचा होता. जागा गेली की गेली.

दादाच्या मनात मात्र आमच्या दुकानामागचं सरकारी हायस्कूल. कारण विचाराल तर एक जुनी पत्र्याची डबी. त्या डबीत चिठ्ठ्या होत्या. जुन्या ग्राफ पेपरचे चार तुकडे करून पाठीमागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेल्या, सगळ्या एकाच बारीक अक्षरात. हायस्कूलची मुलं त्या घेऊन दुकानात यायची. "सहाचा आठ वाचते. पुढच्या बाकावर बसवले की चुकत नाही." "दुपारनंतर एक डोळा झाकून लिहितो." खाली सही नाही, फक्त "गणित शिक्षिका". पाच वर्षांत चाळीसएक चिठ्ठ्या झाल्या असतील, आणि त्यांतली एकही फुकट गेली नव्हती. टेकडीवरच्या शाळेतून असलं काही कधी आलं नाही. तिथली मुलं यायची ती थेट जाड भिंगाचा नंबर घेऊन.

"हिच्याकडे कुणीतरी नीट बघणारं हवंय," दादा म्हणाला. "मला दुसरं काही नको."

"एका बाईच्या अक्षरावरून शाळा ठरवतोस?" मी म्हटलं. "त्या बाईंची बदली झाली म्हणजे?"

हे त्याला लागलं. मग त्यानं सोमवारपासून जे सुरू केलं ते फक्त माझ्या दादालाच सुचू शकतं. हायस्कूलचं कुणीही दुकानात आलं की डोळ्यांबरोबर शाळेचाही नंबर काढायचा. आईबापांना बाहेर माझ्या काउंटरवर एकदा विचारायचं आणि मूल आत गेल्यावर, तोच प्रश्न जरा फिरवून, परत एकदा. तीच काच दोनदा. नंतर अंधारात मुलाला.

फर्निचरवाल्यानं मुलासमोर शाळेचे वाभाडे काढले. छप्पर गळतं, वाचनालयाला दोन वर्षं कुलूप, इतिहासाचे सर तासाला डुलक्या काढतात. मुलगा आत गेल्यावर दादानं सहज विचारलं, "मग पोरगा जायला कटकट करत असेल रोज?" फर्निचरवाला विचारात पडला. "नाही हो. उलट अर्धा तास आधीच पळतो. काय ठेवलंय तिथे देव जाणे."

आत मुलाचं म्हणणं, पाणी कोमट येतं, संडासाच्या कड्या तुटल्यात, आणि विज्ञानाच्या सरांना काही विचारलं की ते म्हणतात उद्या सांगतो.

"म्हणजे टाळतात?"

"नाही. दुसऱ्या दिवशी खरंच सांगतात."

बेकरीवाली मावशी म्हणाली शाळा उत्तम, परत विचारलं तरी उत्तम, आणि तिची मुलगी आत म्हणाली, "आई अजून एकदाही शाळेत आलेली नाहीये." एका रिक्षावाल्याला तर मुलगा कितव्या तुकडीत आहे हेच ठाऊक नव्हतं, पण मत मात्र पाठ होतं. बुधवारपर्यंत दादाजवळ इतकी मतं जमली की एकाचा दुसऱ्याशी मेळ बसेना. मी म्हटलं, "झालं समाधान? आता वहिनीचं ऐक." खरं सांगायचं तर मलाही उत्सुकता लागली होती, पण ते त्याला कळू द्यायची माझी तयारी नव्हती.

गुरुवारी लाँड्रीवाली आली, मुलीचा चष्मा बदलायला. मुलगी नववीत. लाँड्रीवालीचा पारा आधीच चढलेला.

"बाकी कसंही असू दे हो, पण ती गणिताची बाई! इतकी आळशी बाई मी बघितली नाही. स्वतः फळ्यावर एक आकडा लिहीत नाही. पोरांना उठवून लिहायला लावते आणि आपण खिडकीशी उभी. पगार कशाचा घेते?"

माझे कान टवकारले. डबीतल्या चिठ्ठ्यांच्या बाई त्या ह्याच. मी दादाकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं निमूट मुलीला आत नेलं. दार लोटायलाही विसरला, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"गणिताच्या बाई कशा आहेत गं? हे बरं की हे?"

"पहिलं. बाई चांगल्या आहेत. पण त्यांच्या तासाला चुकारपणा करता येत नाही."

"का? मारतात?"

"छे. त्या फळ्याकडे बघतच नाहीत ना. फळ्यावर आमच्यातलंच कुणीतरी लिहितं आणि बाई पूर्ण तास आमच्याकडे बघतात. आपण कुठे अडलोय ते आपल्याआधी त्यांना कळतं."

काच बदलल्याचा खट् आवाज झालाच नाही. दादा बाहेर आला तो डबी काढायलाच. चिठ्ठ्या काउंटरवर पसरून तो मला म्हणाला, "बघितलंस? आई आणि मुलगी एकच गोष्ट सांगतायत. एकीला आळस दिसतो. चिठ्ठ्यांत जे लिहिते ते ही बाई असं बघते." आत ती पोरगी चाचणीची जड चौकट नाकावर घेऊन तशीच बसून होती.

"आठवीला त्याच असतात का गं?" त्यानं तिथूनच ओरडून विचारलं.

"आठवी ते दहावी त्याच."

शनिवारी टेकडीवरचा फॉर्म गेला नाही. वहिनीनं आठवडाभर अबोला धरला आणि बोलायला लागली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "तिचं काही बरंवाईट झालं तर मी तुझ्या डबीला जबाबदार धरीन." दादा हसला नाही. त्यालाही धाकधूक होतीच. घुमीला विचारलं तर ती म्हणाली, "चालेल." ती सगळ्यालाच चालेल म्हणायची.

शाळा सुरू होऊन तिसरा आठवडा. दुपारी दुकान रिकामं होतं. काच घासायचं मशीन मी नुकतंच बंद केलं होतं. घुमी शाळेतून आली, दप्तरातून ग्राफ पेपरचा तुकडा काढून दादाला दिला आणि आत जाऊन तपासणीच्या खुर्चीत पुस्तक उघडून बसली.

चिठ्ठी बघून दादाचा चेहरा आधी खुलला. मग त्यानं ती वाचली आणि माझ्याकडे दिली.

"डोळे चांगले आहेत, शंका नाही. डाव्या बाजूच्या मुलीने हाक मारली तर वळत नाही. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत राहते. काल मी मुद्दाम तोंड वळवून शेवटची तीन गणिते सांगितली. तिची वही कोरी राहिली. परत तिच्याकडे बघून सांगितली, तिन्ही बरोबर सोडवली. कान तपासून घ्यावेत. — गणित शिक्षिका"

मला एकदम तो अंधार आठवला, दिवा घालवल्यावरची ती काहीच्या बाही उत्तरं. माझे टोमणेही आठवले.

दादा आत गेला. तिच्या मागे, उजव्या अंगाला उभा राहून हलकेच म्हणाला, "बाळा." तिनं मान वळवली. "काय?" "काही नाही, वाच." थोडं थांबून तो डाव्या अंगाला आला आणि त्याच आवाजात तेच म्हणाला. तिनं पान उलटलं. परत म्हणाला, जरा मोठ्यानं. ती वाचत होती.

मला ते बघवेना. मी पुढे जाऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"तुला ह्या बाजूनं ऐकू येत नाही का गं?"

"येतं की," ती म्हणाली. "थोडं. तोंड दिसलं की नीट येतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

तिनं पुस्तकात बोट ठेवलं, ते मिटलं, आणि खरंच नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"मला वाटलं सगळ्यांना असंच ऐकू येतं."

दादा अजून तिच्या मागेच, डाव्या अंगाला उभा होता. ह्या वाक्यावरचं त्याचं उत्तर गेली पंधरा वर्षं ठरलेलं होतं.

"चुकलं माझं," तो तिथूनच म्हणाला.

तिला ते ऐकू गेलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती. मग दादा खुर्चीला वळसा घालून समोर आला, माझ्या शेजारी जमिनीवर बसला, आणि तिला आपलं तोंड नीट दिसतंय ना हे बघून परत एकदा म्हणाला.