सुटलेला तेरा

लिफ्टमन स्वतःबद्दल सांगायचा, की आपण बावीस वर्षं रोज विसाव्या मजल्यापर्यंत पोहोचतो, फक्त तिथे कुणी थांबू देत नाही. गणितात तो दोनदा नापास झालेला. पण स्टुलावर बसलं की नेमकी नाकासमोर लिफ्टची पितळी पट्टी यायची आणि तिच्यावर अकरा आकडी क्रमांक: १२९७७१७६५८९. माणसाने किती वर्षं नुसतं बघत बसायचं? एक दिवस त्याने ठरवलं, हिला कशाने भाग जातो ते शोधायचं.

शाळेत गणित शिकवणाऱ्या लेकीने समजावलं, की सगळ्या संख्यांनी भागायची गरज नाही. वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे एक लाख चौदा हजारांपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागलं की पुरे. त्या निघाल्या दहा हजारांवर. तिने यादी छापून दिली. त्याने तिला शपथ घातली, मोबाइलवर उत्तर काढायचं नाही. तिने शपथ पाळली.

रोज पंधरा भागाकार. मधेच घंटी वाजली, की हातचा तोंडात धरून सातव्यावर जायचं, कुत्र्यासकट बाईंना खाली आणायचं आणि मग हातचा कागदावर ठेवायचा. बाईंना वाटायचं लिफ्टमन जप करतो. दोन वर्षांत अकरा वह्या भरल्या आणि कशानेच भाग गेला नाही. म्हणजे पट्टीवरची संख्या मूळ! हे त्याने वीसही मजल्यांना कळवलं. लेकीने कौतुकाने शनिवारी वर्गावर बोलावलं. तिची मुख्याध्यापिकाही येऊन बसणार होती.

शुक्रवारी संध्याकाळी बायको समोर यादी धरून बसली आणि तो भाषणाची तालीम करू लागला. "दोन, तीन, पाच, सात, अकरा, सतरा..."

"अहो, यादीत मधे तेरा आहे."

त्याने यादी ओढून घेतली. पहिल्या आठ संख्यांसाठी यादी उघडणं त्याला कमीपणाचं वाटलं होतं. त्या त्याने समोरच्या बटणांवर बोट ठेवत संपवल्या होत्या, यादी उघडली ती तेविसापासून. आणि बटणांत तेरा नव्हता. अशुभ नको म्हणून इमारत बांधणाऱ्याने बाराव्यावर थेट चौदावा मजला ठेवला होता.

त्याने वहीच्या पाठीवर तेराने भागलं. बाकी शून्य.

"लहान पोराने पाच मिनिटांत केलं असतं," तो म्हणाला. "मी दोन वर्षं लावली आणि चुकवलं. याला पण अक्कल लागते."

बायको हसली नाही. त्याने लेकीला फोन लावला, झालं ते सांगितलं आणि उद्या येत नाही म्हणाला. तुझ्या मुख्याध्यापिकेसमोर तुझं नाक कापलं जायला नको.

"बाबा, भागाकार किती आला?"

"नव्व्याण्णव कोटी ब्याऐंशी लाख चव्वेचाळीस हजार तीनशे त्रेपन्न."

"त्याला परत तेराने भागा."

त्याने भागलं. बाकी दोन उरली.

"मग ही भागाकाराची संख्या मूळ आहे," लेक म्हणाली. त्याला समजलं नाही, तेव्हा तिने सावकाश सांगितलं: तिला कशाने भाग गेला असता, तर पट्टीवरच्या संख्येलाही त्यानेच गेला असता. आणि बाकी सगळ्यांनी तर तुम्ही भागून बघितलंय. एकही भागाकार वाया गेलेला नाही.

त्याने अकरा वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. दोन वर्षं आपण एकीची तपासणी करत होतो आणि पास झाली दुसरीच, जिचं आपण तोंडही पाहिलं नव्हतं.

"मुलांना बटणांचंही सांगायचं?" त्याने विचारलं.

"तेच आधी सांगा. नाहीतर मी सांगेन."

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, शर्टाला इस्त्री करू की नको.

"कर," तो म्हणाला. "आणि कॉलर कडक कर. चाळीस पोरं हसणार आहेत, अवतार तरी बरा दिसू दे."