कुंभारमाठची चढण

"सायकलीक दुसरो मिळालो आसा. तुका होया तर तू पोव."

हे मला माझा थोरला चुलत भाऊ म्हणाला, तेही बंदरावरच्या चहाच्या टपरीवर, आठ-दहा माणसांसमोर, बशीतला चहा फुंकत. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात एक लांब पल्ल्याची शर्यत होते. आधी समुद्रात दोन किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगाने नव्वद किलोमीटर सायकल मारायची, मग सायकल टाकून एकवीस किलोमीटर धावायचं. प्रत्येक टप्प्याला मुदत असते. ती चुकली की माणूस बाद. ज्यांना सगळं एकट्याने झेपत नाही ते तिघांचा संघ करतात. गेल्या वर्षी आमच्या संघात सायकल माझ्याकडे होती. पावसाळा सरल्यापासून मी रोज सकाळी कसालच्या रस्त्याला घाम गाळत होतो, आणि शर्यत आठवड्यावर आली असताना भावाने मला सायकलवरून काढलं, हवं तर पोह म्हणाला.

"कित्याक?" मी विचारलं.

"कित्याक म्हणजे? तू कुंभारमाठाकच संपतंस. चडणीर कोणी फुडे गेलो की तुका राग येता, आणि तू सगळा थयच जाळतंस. फुडचो रस्तो कोण मारतलो?"

मालवणातून बाहेर पडलं की पहिली चढण कुंभारमाठची. म्हणजे मी गावाच्या वेशीवरच संपणारा माणूस. टपरी हसली. कुडाळचा कोणी एक तरुण आणला होता, तो मान खाली घालून बसला होता. मी चहा तसाच ठेवून उठलो आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद केलं. एकाच वाडीत राहतो आम्ही; त्याची पर्यटकांसाठी बांधलेली खोल्यांची रांग माझ्या खिडकीतून दिसते. न बोलणं सोपं नव्हतं. पण मी ते वर्षभर निभावलं.

मी मासळीचा व्यापारी. बर्फाच्या पेट्या डोक्यावरून वाहत इथवर आलो, कोणी हाताला धरून आणलेलं नाही. संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावर माशांचे ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. तिथे माझा आवाज सगळ्यांत मोठा. "डोळे बघ, आत गेले! कल्ले काळे पडले! फुकट दिलंस तरी नको!" असं ओरडून मी पाठ फिरवतो आणि चालू लागतो. या चालण्यातच सगळी कला आहे. भरभर गेलं तर समोरच्याला वाटतं हा खरंच चालला, आणि तो दुसऱ्याला माल देऊन टाकतो. रेंगाळलं तर त्याला कळतं की आपल्याला माल हवा आहे. मधली एक चाल असते. ती जमली की मागून हाक येते.

या वर्षी मी एकट्याने तिन्ही करण्यासाठी नाव दिलं. भावाला कळलं तशी त्यानेही संघ मोडला आणि एकट्याने नाव दिलं. आता मला फक्त मुदतीत पोचायचं नव्हतं, त्याच्या डोळ्यांदेखत पोचायचं होतं. वाटेत तो थकलेला भेटला तर त्याला काय म्हणायचं, ते वाक्यही तयार होतं: "आता सांग, कुंभारमाठाक कोण संपलो?" गाडीत बर्फ भरताना, आंघोळ करताना, मी ते मनात घोळवत असे.

तयारीसाठी मी नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ घेतलं. ठोके एका मर्यादेच्या वर गेले की ते वाजतं. मर्यादेच्या आत राहिलं तर माणूस दिवसभर चालतो. वर गेलं की अंगातला साठा भराभर संपतो आणि पुढे पाय उचलत नाहीत. माझी मर्यादा बायकोने घड्याळात भरून दिली. खरेदी-विक्रीचे फोन तीच सांभाळते आणि माझ्यापेक्षा कमी शब्दांत सौदा मिटवते. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "एक गजाल तुमच्या ध्यानात इली काय?"

"काय ती?"

"लिलावात तुमी बोंबलतास तेव्हा ह्या घड्याळ गप आसता. काल मी बाजूकच हुती. अख्खो किनारो हादरलो, घड्याळ गप. आणि आता नुसता म्हटलंय, तुमच्या दादांकडे पावणे इले—"

घड्याळ वाजलं.

ती हसली नाही. भात वाढत म्हणाली, "लिलावातलो राग तुमी दाकवतास. ह्यो राग तुमका येता. शर्यतीत ह्यो घेवन गेल्यात तर परत आणूक रिक्षा धाडूक लागतली."

मी चिडलो. ताटावरून उठायला गेलो आणि घड्याळ पुन्हा वाजलं, तेव्हा बसलो.

त्यानंतर शर्यतीची आखणी आम्ही दोघांनी केली. माझं म्हणणं, समुद्रात वाढलेला माणूस मी, पोहण्यातच आघाडी घेतो. तिने मान हलवली. पाण्यात जीव ओतून मिळतील ती मिनिटं सायकलवर दुपटीने परत द्यावी लागतील. म्हणून पोहायचं रमतगमत. सायकल सकाळच्या थंडाव्यात, पण सायकलची अडचण आम्हा किनाऱ्यावरच्यांनाच ठाऊक: सकाळी कसालकडे जाताना जमिनीवरून येणारा मतलई वारा तोंडावर, आणि परत येईपर्यंत वारा फिरून समुद्राकडचा खारा वारा तोंडावर. दोन्हीकडून मार. तिथे वेगाकडे बघायचंच नाही, ठोक्यांकडे बघायचं. खायला म्हणून शर्यतवाले जी गोड चिकट पाकिटं चोखतात ती माझ्या पोटाला मानवेनात, तेव्हा उकड्या तांदळाची पातळ पेज मीठ घालून बाटलीत भरायची ठरली. आणि धावण्यात पहिली अर्धी वाट लाज वाटेल इतकं सावकाश.

शर्यतीच्या सकाळी किनारा माणसांनी भरला होता. भाऊ माझ्यापासून चार माणसं सोडून उभा होता, नवे कपडे, नवा चष्मा. त्याने बघितलं, मी बघितलं, दोघांनी समुद्राकडे बघितलं. शिट्टी झाली. सगळे लाथा झाडत पाण्यात घुसले, मी मुद्दाम मागे राहिलो. बाजूला होडीतून बघणारे ओळखीचे रापणकर मासेमार होते. त्यांना हे सहन होईना.

"रे, सुरमय इकणारो बांगडो झालो काय आज?"

"झोपलो काय बघा रे! उठवा तेका!"

पाण्यात तोंड घालून मी ते ऐकलं आणि हात तेवढ्याच संथपणे मारत राहिलो. ते सोपं गेलं असं म्हणणार नाही. बाहेर आलो तेव्हा माझ्या आधी बरेच निघून गेले होते. भाऊ मात्र मागे होता. तो पाण्यात कच्चा.

कुंभारमाठच्या चढणीला मी लागलो. थंड वारा समोरून, ओले कपडे अंगाला चिकटलेले, ठोके मर्यादेच्या जरा खाली. अर्ध्या चढणीवर मागून साखळीचा आवाज आला. मला कळलं कोण ते.

तो बाजूने गेला आणि वर्षभरातला पहिला शब्द माझ्याशी बोलला. "काय रे, बांगडे इकूक बसलंस? बरोबर जाग्यार बसलंस!"

हीच जागा, म्हणायचं होतं त्याला. माझ्या कानात सूं झालं. पाय आपोआप जोरात फिरू लागले, घड्याळ वाजायला लागलं आणि वाजतच राहिलं. मी उभा राहून पायडल मारत होतो. अंतर कमी होत होतं. त्याची पाठ, पाठीवरचा घामाचा डाग, आणखी थोडं. छाती फाटायची वेळ आली होती आणि मला ते कळत होतं, पण थांबवता येत नव्हतं. चढण संपली तिथे मी त्याच्या बरोबरीला आलो. घड्याळ कोकलत होतं. अजून ऐंशीच्या वर किलोमीटर पुढे होते. असाच गेलो तर पुढचं चौके गावसुद्धा गाठणार नव्हतो, आणि टपरीवरचं त्याचं बोलणं खरं ठरणार होतं.

त्याच्याकडे बघून मला काय सुचलं कोण जाणे. मी लिलावातला आवाज काढला.

"डोळे बघ, डोळे! आत गेले! कल्ले काळे पडले! ह्यो शिळो माल घेवन कसालाक खंय चललंस? फुकट दिलंस तरी नको माका!"

रस्त्याकडेला पाणी देणारी मुलं घाबरून मागे सरली. कॉलेजातली असावीत, बाहेरची. मी आणखी दोन वाक्यं हाणली, ती लिहिण्यासारखी नाहीत. आणि हात हलवून, माल नाकारल्यासारखा, पायडल मारणं सोडलं. सायकल नुसती घरंगळू दिली.

घड्याळ गप झालं.

भाऊ मात्र लाल झाला. त्याच्यावर कोणी आवाज चढवलेला त्याला लहानपणापासून खपत नाही, धाकट्याने तर नाहीच. तो पुढे वाकला आणि वाऱ्यात असा काही सुसाट सुटला की आनंदव्हाळच्या वळणावर दिसेनासा झाला. लिलावात हे मी कैक वेळा केलं आहे: आपल्याला नको असलेल्या ढिगावर बोली चढवायची आणि समोरच्याच्या गळ्यात मारून बाजूला व्हायचं. इथे ते ठरवून केलं नव्हतं. पण झाल्यावर ओळखलं.

चौक्याला बायको बाटली घेऊन उभी होती. धावता धावता ओरडली, "दादा सुटले आसत! तुमी हळू!"

"हळूच आसंय!"

"तोंड लाल कित्याक मगे?"

त्या अर्ध्या चढणीची किंमत मला पुढे चुकवावी लागली. परतीचा खारा वारा सुरू झाला तेव्हा मांड्या ओढायला लागल्या. कट्टा गावाजवळ मला दोघाजणांनी मागे टाकलं आणि मी त्यांना जाऊ दिलं. तिसऱ्याला जाऊ देताना दात आवळले. सायकलची मुदत हाताशी थोडाच वेळ राखून गाठली.

धावण्याची वाट तारकर्लीच्या रस्त्याने, सपाट, दोनदा जाऊन येऊन. हिवाळा असला तरी दुपारचं ऊन ते ऊनच. सुरूच्या झाडांची सावली रस्त्यापर्यंत पोचत नव्हती. पहिली फेरी मी ठरल्याप्रमाणे लाज वाटेल अशी धावलो. दुसऱ्या फेरीत हिशेब घट्ट झाला: चाललो तर मुदत संपून शेवटचं फाटक बंद होणार, जोरात धावलो तर पायात गोळे येणार. मधली एकच चाल उरली होती.

शेवटच्या परतीला तो दिसला. डावा हात मांडीवर दाबून चालत होता. चष्मा टोपीवर सरकवलेला, ओठांवर पांढरं मीठ. मी जवळ येत गेलो आणि ते वाक्य आपोआप जिभेवर आलं. घड्याळ वाजलं. अजून एक शब्दही बोललो नव्हतो, वेग वाढवला नव्हता, तरी वाजलं.

ते वाक्य बोलायला एक पुरता श्वास लागला असता. तेवढा श्वास माझ्यापाशी नव्हता.

त्याने मान वळवून बघितलं. "बघतंस काय? जा मेल्या. फाटक बंद जातला."

मी गेलो. मागे वळलो नाही. शेवटचा तुकडा मला नीट आठवत नाही. भोंग्यावरून कोणी वेळ ओरडत होता, डाव्या टाचेखाली काहीतरी फुटलं होतं, आणि बायको दोरीच्या पलीकडून माझ्या बरोबरीने धावत होती, चपला हातात घेऊन. फाटक उघडं होतं. मी आत गेलो.

मंडपात खुर्चीवर बसून मी रस्त्याकडे बघत राहिलो. मुदत संपल्याचा भोंगा झाला. भाऊ त्यानंतर आला, तेव्हा कमानीखालची वेळ मोजणारी चटई गुंडाळायला घेतली होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तो समोरच्या खुर्चीत बसला आणि बूट काढायला वाकला, पण वाकता येईना. माझी बायको उठली, तिने त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, पेजेची उरलेली बाटली त्याच्या हातात दिली. तो ती सगळी प्याला.

रिकामी बाटली खाली ठेवत म्हणाला, "एकट्यान करण्याचा ह्या वय नाय. फुडच्या वर्साक संघच बरो."

मी टाचेखालचा फोड चाचपत होतो.

"तू पोव. मी धावतंय. सायकलीक कुडाळचो आसाच."

टपरीवर बोलला त्याबद्दल एक अक्षर नाही. तो माफी मागणारही नाही, मला माहीत आहे.

"पोवचंय नाय," मी म्हणालो. "सायकल."

"सायकलीक माणूस आसा म्हटलंय मा!"

"मगे ऱ्हवांदे."

मी उठलो. टाच जमिनीला टेकत नव्हती, पण मी पाठ फिरवली आणि मंडपाच्या बाहेर चालू लागलो. भरभर चालणं शक्यच नव्हतं, रेंगाळायचं नव्हतं. बायको माझ्या बाजूने चालत होती. तिने माझं मनगट धरून घड्याळ बघितलं; ते गप होतं. तिने हात सोडून दिला. मंडपाचा शेवटचा खांब आला. मी तो ओलांडला.

"अरे ये, थांब!" मागून आवाज आला. "घे सायकल! पण रस्त्यार शिव्या घालूक नको!"

"ता बगूया," मी म्हणालो, आणि आणखी चार पावलं टाकल्यावर थांबलो.