ठरावाखालची सही

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोलाही सांगितली नाही, आणि ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. ऐकणारं माणूस घरात होतं तेव्हा गप्प बसलो, आणि आता पेणच्या या दोन खोल्यांत दिवसभर कुणाचा आवाज नसतो. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं सांगू? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून.

रोह्याला आमची एक संस्था होती. आदिवासी वाड्यांवर बालवाड्या चालवायच्या, बायकांच्या तब्येतीकडे बघायचं, असं काम. संस्था मी काढली असं सगळे म्हणत आणि मी म्हणू देत असे. मी कार्यवाह, लोक मला भाऊ म्हणत. पण वाड्यांवर पायी जायची ती मंगल. रोह्याजवळच्या वरसे गावची सून. बालवाडीताई म्हणून आली आणि दहा वर्षांत अशी झाली, की कुठल्या वाडीवर कुणाची सून अवघडलीय हे तिला न विचारता कळायचं. दुपारी आम्ही सहा जण एका सतरंजीवर डबे उघडून बसत असू. तिच्या डब्यातलं वालाचं बिरडं सगळ्यात आधी संपायचं.

मग पुण्याहून एक बाई प्रशिक्षणाला आल्या. संस्था एका माणसाच्या डोक्याने चालत नाही म्हणाल्या. चार-पाच जणांची नीट टीम बांधा, प्रत्येकाला त्याचं काम द्या, आणि त्या कामातला शेवटचा शब्दही त्यालाच द्या. मी मान डोलवत होतो. आम्हां संस्थावाल्यांना ते छान जमतं. त्यांनी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या — अडचण आली तर आधी कुणाकडे जाल, एकच नाव लिहा. सहा चिठ्ठ्या. चारांवर मंगल, दोनांवर मी. त्यातली एक मंगलच्या अक्षरातली होती. आणि दुसरी? दुसरी मीच लिहिली होती. हसा, हसा. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मीही हसलो असतो.

बाईंच्या सल्ल्याने विषय कार्यकारिणीपुढे आला. मंगलला कार्यकारी प्रमुख करावं, मी विश्वस्तांत बसून सल्ला द्यावा. आता आमच्या बैठकीची रीत सांगायला हवी. माणसं आली की इतिवृत्ताच्या वहीत, कोऱ्या पानाच्या तळाशी, आधी सह्या करून टाकत. कुणाला एसटी गाठायची असे, कुणाला शिफ्टला जायचं असे. वरचा मजकूर मी मागाहून सवडीने लिहायचा. कुणी कधी वाचून पाहिला नाही. भाऊ लिहितात ना, मग झालं.

मंगलही कार्यकारिणीवर होती. त्या दिवशी तिनेही सही केली, आणि तेवढ्यात निरोप आला की बालवाडीतलं एक पोर फिट येऊन पडलंय. ती तशीच उठून गेली. विषय तिच्या पाठीमागे निघाला. एकाचाही विरोध नव्हता. आमचे अध्यक्ष हमीदचाचा — लाकडाचे व्यापारी, जुना भला माणूस — मला म्हणाले, "तिला तूच विचार. तुझ्या तोंडून आयकला तर तिला बरा वाटंल."

मी हो म्हणालो. खूश दिसलो. असेनही तेव्हा — कसं सांगू? चार दिवस ती रोज समोर होती आणि रोज मी उद्यावर टाकत होतो. पाचव्या दिवशी दुपारी दोन बायका वाडीवरून आल्या. मी दाराशीच खुर्ची टाकून बसलो होतो. मंगलबाय नाय का, म्हणाल्या. मी म्हटलं, मी आहे की, बोला. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि पायरीवर बसत म्हणाल्या, "नाय, आमी थांबतो." तासभर थांबल्या. मी तिथेच होतो, हातभर अंतरावर.

आता सांगूनच टाकतो. मी मंगलला विचारलंच नाही. त्या संध्याकाळी वही उघडली आणि कोऱ्या पानावर लिहिलं, की श्रीमती मंगल यांनी घरगुती अडचणीमुळे पद स्वीकारण्यास असमर्थता दर्शवली, तरी कार्यवाहांनीच काम पुढे पाहावे असे सर्वानुमते ठरले. खाली तिची सही आधीच होती. चाचांना आणि इतरांना सांगितलं, ती नाही म्हणाली, सासरचं अवघड आहे, तिच्यापाशी विषय काढू नका, तिला वाईट वाटेल. आणि मंगलला — हे त्याहून वाईट — सांगितलं की बैठकीत लोकांचं मन झालं नाही.

"सगल्यांचाच?" तिने एवढंच विचारलं.

मी हो म्हणालो.

त्यानंतर ती सतरंजीवर येईनाशी झाली. डबा घेऊन वाडीवर निघून जायची. इतरांना वाटलं, जबाबदारी नाकारली आणि आता अंगही काढून घेतेय. तिला वाटलं, यांना मी नको होते. दोन्हीकडचं मला एकट्याला ठाऊक. वर्षभरात एक जण नागोठण्याला कंपनीत लागला, एक घरी बसली. नवी माणसं मी घेतली, मला हवी तशी. ती मला सगळं विचारत आणि काहीच सांगत नसत. जेवायला मी माझ्या टेबलाशी, ती आपापल्या. मला हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्या खोलीत मी कधी नव्हतो इतका एकटा पडलो.

पुढे काही वर्षांनी एका पावसाळ्यात ऑफिसात पाणी शिरलं. वह्या भिजल्या. इतिवृत्त नव्या वहीत उतरवून घ्यायला हवं होतं, आणि अक्षर चांगलं मंगलचं. मी जुनी वही तिच्या हातात दिली. कशी दिली? — विसरलो होतो. तिचं आयुष्य वळवलं आणि विसरून गेलो होतो. आठ दिवस ती खिडकीशी बसून लिहीत होती. नवव्या दिवशी वही माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "भाऊ, सगला उतरवलाय. काय सुटला नाय."

महिना संपताना तिने राजीनामा दिला. कारण लिहिलं होतं — घरगुती अडचण. ते दोन शब्द वाचले. नवी वही काढली, पान शोधलं. माझं वाक्य जसंच्या तसं होतं, तिच्या स्वच्छ अक्षरात, आणि खाली नियमाप्रमाणे 'खरी नक्कल' लिहून तिची सही. ती कुणापाशी बोलली नाही. बोलली असती तर कुणीतरी येऊन माझी गचांडी धरली असती. अजून कुणी आलेलं नाही.

चाचांच्या शेवटच्या आजारपणात भेटायला गेलो होतो. मंगल तेव्हा हो म्हणाली असती तर संस्था टिकली असती, असं ते म्हणाले. मी त्यांचे पाय चेपत राहिलो. आता संस्थेला कुलूप आहे. मंगल वरसेलाच असते. घर मला माहीत आहे. तिथे मी गेलेलो नाही.

एक राहिलं. त्या बैठकीच्या आदल्या आठवड्यात तिची सासू मला रोह्याच्या बाजारात भेटली होती. थांबवून म्हणाली, "मंगलला मोठा काम देतासा म्हनं. पोरांचा मी बगीन, तिला जाव दे." घरगुती अडचण कुठलीच नव्हती. मी मंगलला विचारलं नाही, कारण ती हो म्हणाली असती.