ताम्हिणीच्या डोंगरातली वाफ

मोठा भूकंप झाला त्या हिवाळ्यात ताम्हिणीहून कॉलेजात निरोप आला. डोंगराला चीर पडलीय आणि तिच्यातून धूर निघतोय. मी पुण्यात भूशास्त्र शिकवत होतो. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, हे फळ्यावर काढून दाखवायचो. जिवंत ज्वालामुखी मात्र फक्त पुस्तकात पाहिलेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने निघालो.

चिरेखाली एकच घर होतं. तिथल्या मावशी गुरं घेऊन भावाकडे राहायला गेल्या होत्या. वाट दाखवायला त्याच आल्या. जाताना मी त्यांच्या विहिरीच्या पाण्यात थर्मामीटर बुडवून घेतला.

चीर हातभर रुंद होती आणि सकाळच्या गारठ्यात तिच्यातून खरंच पांढरी वाफ येत होती. मी घाईने पुढे झालो. वाकून हुंगलं. गंधकाचा नव्हे, ओल्या मातीचा वास आला. थर्मामीटर दोरीने आत सोडला. पारा विहिरीच्याच रेघेवर थांबला.

“आग नाही, मावशी. आतली हवा विहिरीच्या पाण्याइतकीच कोमट आहे. बाहेर थंडी, म्हणून वाफ दिसते.”

“मंग तुमी तोंड पाडून का बसलाय?”

खोटं बोलवेना. “वाटलं होतं, ज्वालामुखी बघायला मिळेल.”

“माज्या घरावर?”

मी ओशाळलो. त्या रागावल्या नाहीत. चिरेत एक खडा टाकून कान देऊन बसल्या. खडा बराच वेळ खाली वाजत गेला.

“सायेब, पावसाळ्यात ह्यात पानी भरलं तर?”

आगीच्या नादात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कड्याच्या पायथ्याशी उतरून पाहिलं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा होता, भिजला की बुळबुळीत होणारा. सगळा कडा त्यावर बसलेला.

“घर हलवा,” मी म्हणालो.

“आग न्हाई, तरी हलवायचं?”

“हो. पावसाच्या आत.”

त्यांच्या भावाने उन्हाळ्यात वासे, कौलं उतरवून पलीकडच्या माळावर घर उभं केलं. भाद्रपदात मी पुन्हा गेलो. कडा कोसळला होता. जुन्या चुलीच्या जागी बैलगाडीएवढा दगड पडला होता. मावशींनी मला चहासुद्धा बसून पिऊ दिला नाही.

“आतला दगुड उघडा पडलाय, हिरवा-पांढरा. लई चमकतोय. कशाचा हाय सांगा,” म्हणत विळा घेऊन त्या पुढे निघाल्याही.