बाजाराचं पान

अक्कलकोट रोडवरच्या एका प्राथमिक शाळेत प्रेमलाबाई बावीस वर्षं ग्रंथपाल होत्या. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली आणि एक लोखंडी कपाट. पण शनिवारी सकाळी त्या सतरंजी अंथरून चित्रांची पुस्तकं मांडायच्या, आणि यंत्रमाग कामगारांची पोरं त्यांवर तुटून पडायची. एका पुस्तकावर चार-चार डोकी. पानांचा वास घ्यायचा, चित्रातल्या कुत्र्याला चापट मारायची, ‘आधी मी बघितलं’ म्हणून भांडायचं. पानं फाटायचीच. रविवारी बाई घरी खळ शिजवून ती चिकटवत बसायच्या.

पहिलीतली सिद्धेश्वरी शाळेत आल्यापासून चार महिने एक शब्द बोलली नव्हती. घरी सगळं कन्नड. मुकीच असेल, असं वर्गातल्या बाईही म्हणायला लागल्या होत्या. एका शनिवारी तिच्यापुढं एक मोठं पुस्तक आलं. दोन पानं भरून आठवडी बाजाराचं चित्र. ती बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हशीवर बोट ठेवून म्हणाली, “एम्मे.”

“व्हय की! एम्मे म्हणजे म्हैस,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

पोरीचं बोट पुढं सरकलं. एकेक वस्तू ती कन्नडमध्ये सांगत गेली, बाई मराठीत. घंटा झाली तरी दोघी उठल्या नाहीत.

दिवाळीनंतर शाळेत भिंतीएवढा स्मार्ट बोर्ड आला. मुख्याध्यापक हृषीकेश सरांनी शनिवारचा तास त्यावर घ्यायला लावला. चित्र यायचं, बोर्डातला आवाज मराठीत नाव सांगायचा, चित्र जायचं. सिद्धेश्वरी बोट उचलेपर्यंत दुसरंच काहीतरी आलेलं असायचं. दोन-तीन शनिवार तिनं धडपड केली. मग हात मांडीखाली दाबून बसायला लागली.

“सर, पुस्तकंपण राहू द्या की,” बाई म्हणाल्या.

“असली चिकटवलेली पुस्तकं शाळा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायची का, बाई?”

मार्चमध्ये सगळं कपाट रद्दीत काढायचं ठरलं. गठ्ठे बांधताना बाईंनी बाजाराचं तेवढं पुस्तक पिशवीत घातलं. गेटवर शिपायानं पिशवी बघितली. सरांनी सगळ्या शिक्षकांदेखत विचारलं, “न विचारता नेत होता?”

“रद्दीतच चाललं होतं ना, सर.”

“रद्दी झाली तरी शाळेची आहे ती.”

पुस्तक रद्दीवाल्याच्या टेम्पोतल्या गठ्ठ्यांवर जाऊन पडलं. माफीपत्र लिहून घेतलं गेलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. बाईंनी मुकाट्यानं सही केली, आणि चोर म्हणवून घेण्यापेक्षा त्या सहीचीच त्यांना जास्त लाज वाटत राहिली.

जूनमध्ये सिद्धेश्वरीची आई दाखला न्यायला आली. “पोरगी परत लई गप झाली, बाई. गावाकडं आजीपाशी ठिवते. तितं तरी बोलंल.” बाईंनी पोरीला हाक मारली. तिनं वर पाहिलं नाही.

आता स्मार्ट बोर्ड चालवायचं काम बाईंकडंच आहे. यंदा डिजिटल वाचन उपक्रमासाठी शाळेला ढाल मिळाली. स्नेहसंमेलनात सरांनी बाईंना मंचावर बोलावलं. वाचनाच्या आनंदावर दोन शब्द बोला, म्हणाले. बाईंनी माइक हातात घेतला.

“मुलांनी वाचावं,” एवढं म्हणून त्या खाली उतरल्या. टाळ्या मात्र खूप पडल्या.